डॉक्टरला हॉस्पिटलप्रमुख बनवणारा ऑनलाइन कोर्स : पाचपैकी साडेतीन

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. डॉक्टरांना हॉस्पिटल चालवायला शिकवणारे ऑनलाइन कोर्स हल्ली खूप झालेत, त्यातला एक मी नुकताच पूर्ण केला आणि पाचपैकी साडेतीन स्टार देते. नाव लिहीत नाही, कारण यातले बहुतेक एकाच साच्यातले आहेत, तेच मॉड्यूल, त्याच केस स्टडी आणि जाहिरातीत हाताची घडी घालून उभा असलेला तोच पांढऱ्या कोटातला डॉक्टर. ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी एवढंच, की तुम्ही डिपार्टमेंट चालवलंय, ड्युटी रोस्टर लावून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात, कुणाची तरी सुट्टी नाकारलीय, तर डोळे झाकून घ्या, फी वसूल होईल. पण नुकतंच पीजी झालंय आणि सीव्हीवर एक ओळ वाढवायची म्हणून घेत असाल तर थांबा जरा, कारण यातलं बरंचसं डोक्यात शिरेल पण अंगाला लागणार नाही.

मी फिजिशियन, आधी एचओडी म्हणजे डिपार्टमेंटची प्रमुख, आता मेडिकल डायरेक्टर, म्हणजे हॉस्पिटलच्या वैद्यकीय कामाची प्रमुख. आपल्यापैकी फार कमी लोक या खुर्चीत ठरवून येतात. क्लिनिकल काम चांगलं असतं, पेशंट नावाजतात, सिनिऑरिटी झालेली असते, आधीचे सर रिटायर होतात आणि मॅनेजमेंट म्हणते आता तुम्हीच बघा. बॅलन्स शीट एमबीबीएसला कोणी शिकवलेली नसते, ते सोडा, ते शिकता येतं. खरा लोचा असा की ज्या सवयींमुळे आपण चांगले डॉक्टर ठरतो, म्हणजे समोरच्या एका पेशंटसाठी वाट्टेल ते करणं, झटकन निर्णय घेणं, शेवटचा शब्द आपला असणं, त्याच सवयी इथे पावलापावलाला आडव्या येतात. या कोर्सकडून मला नेमकं तेच हवं होतं, सवयी मोडायला मदत. ती मिळाली का, तर अर्धी मिळाली.

फॉरमॅट नेहमीचाच, रेकॉर्डेड व्हिडिओ, आठवड्याला एक लाइव्ह सेशन, ग्रुप असाइनमेंट, प्रत्येकाला एक मेंटॉर आणि शेवटी सिम्युलेशन.

पहिलं मॉड्यूल आहे प्रमुख डॉक्टरच का हवा यावर, आणि ते सरळसरळ आपल्याला गोंजारायला बनवलंय. त्यात अमांडा गुडॉल या संशोधिकेचा २०११चा अभ्यास दाखवतात, अमेरिकेतल्या रँकिंगमधल्या हॉस्पिटल्सचा, कॅन्सर, पचनसंस्था आणि हार्ट अशा तीन स्पेशालिटी घेऊन केलेला. ज्यांचे सीईओ डॉक्टर होते त्या हॉस्पिटलचे क्वालिटी स्कोअर साधारण २५ टक्क्यांनी जास्त निघाले. स्लाइड तिथेच संपते. आता खुद्द गुडॉल यांनीच म्हटलंय की यावरून कारण सिद्ध होत नाही, कारण हा एकाच वेळचा डेटा आहे, आणि उलटंही असू शकतं की मुळात चांगली असलेली हॉस्पिटलंच नावाजलेल्या डॉक्टरांना प्रमुख म्हणून आणत असतील. ज्यांनी आयुष्यभर जर्नल क्लबमध्ये दुसऱ्यांचे रिसर्च पेपर फाडले त्यांच्यासमोर, हे नुसतं कोरिलेशन आहे, दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच, हेही न सांगता २५चा आकडा मोठ्या फॉन्टात ठेवायचा म्हणजे कमाल आहे. लाइव्ह सेशनमध्ये विचारलं तर फॅकल्टी हसून पुढे गेले.

मेयो क्लिनिक आणि क्लीव्हलँड क्लिनिक ही अमेरिकेतली दोन नावाजलेली हॉस्पिटलं तर येणारच, त्यांच्याशिवाय असा कोर्स होतच नाही. क्लीव्हलँडचे टोबी कॉसग्रोव्ह हे हार्ट सर्जन, २००४ ते २०१७ सीईओ, पेशंटचा अनुभव बघायला वेगळा मोठा अधिकारी नेमला, डिपार्टमेंटं मोडून आजार किंवा अवयव धरून इन्स्टिट्यूट केल्या, सगळं ऐकायला छान वाटतं. पण एक गोष्ट व्हिडिओत ओझरती येऊन जाते, खरं तर तिथून सुरुवात हवी होती, की या दोन्ही ठिकाणी डॉक्टर पगारी आहेत, क्लीव्हलँडला तर एकेका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आणि दर वर्षी रिव्ह्यू. म्हणजे तिथल्या प्रमुखाच्या शब्दामागे एक व्यवस्था उभी आहे. जिथे अर्धे कन्सल्टंट व्हिजिटिंग आहेत, सकाळी इथे आणि संध्याकाळी दुसरीकडे, तिथला मेडिकल डायरेक्टर कुणाच्या जिवावर हे बोलणार? यावर एक अख्खं सेशन हवं होतं. अर्धा स्टार इथे गेला.

आता आवडलेलं सांगते. पेशंट फ्लोचं मॉड्यूल निव्वळ भारी आहे, फक्त याच्यासाठी मी हा कोर्स दुसऱ्यांना सुचवीन. बेड फुल, कॅज्युअल्टीत पेशंट ताटकळतायत, म्हणजे बेड वाढवा, हे आपलं सगळ्यांचं गणित. हे लोक सुरुवात करतात लिटल्स लॉपासून, जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला साधा नियम, रोज सरासरी किती पेशंट भरती होतात गुणिले ते सरासरी किती दिवस राहतात, तेवढे बेड सरासरी भरलेले असणार. रोज २० अ‍ॅडमिशन आणि मुक्काम ५ दिवस म्हणजे १०० बेड. मुक्काम साडेचार दिवसांवर आला की ९०. दहा बेड मोकळे झाले, एक वीटही न रचता. आणि तो अर्धा दिवस उपचारात कापायचा नसतो बरं का, तो फाइलच्या प्रवासात सांडलेला असतो.

असाइनमेंट अशी होती की आपल्याच वॉर्डात डिस्चार्ज होणाऱ्या पेशंटच्या फाइलमागे लागायचं आणि ती जिथे जिथे थांबेल तिथली वेळ लिहायची. एकाच फाइलचं सांगते. राउंडमध्ये साडेनऊला मी लिहिलं, आज घरी. रेसिडेंट माझ्यासोबत पुढच्या पेशंटकडे आला, साहजिक आहे, राउंड सोडून तो कुठे जाणार, त्यामुळे डिस्चार्ज समरी टाइप करायला घेतली सव्वाबाराला. सोडियमचा रिपोर्ट यायचा होता म्हणून समरी अडली, तो रिपोर्ट कधीचाच सिस्टिमवर होता, उघडून बघितला नव्हता कोणी. उरलेली इंजेक्शनं फार्मसीला परत द्यायला वॉर्डबॉय हवा, तो दुसऱ्या पेशंटला घेऊन सीटीला गेलेला. फाइल बिलिंगला पोचली अडीचला, तिथून पुढे इन्शुरन्सच्या परवानगीची वाट. पेशंटने बेड सोडला पाच वाजून वीस मिनिटांनी. जवळपास आठ तास, त्यात त्याच्यावर एकही उपचार झालेला नाही, नातेवाईक बॅग भरून बसलेले आणि खाली त्याच बेडसाठी एक जण ट्रॉलीवर. यात कामचुकार कोणीच नव्हतं, प्रत्येक जण आपापलं काम करतच होता, हे बघून मी जरा हादरलेच.

उपाय साधे असतात. उद्या कोण घरी जाऊ शकेल ते आदल्या संध्याकाळी ठरवायचं, समरीचा कच्चा ड्राफ्ट रात्रीच्या ड्युटीत करून ठेवायचा, राउंडमध्ये सीरियस पेशंटनंतर लगेच घरी जाणारे बघायचे. सोपं दिसतं, पण यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुणाची तरी वर्षानुवर्षांची सवय बदलावी लागते आणि इथे प्रमुख डॉक्टर असला तर फरक पडतो, कारण राउंडचा क्रम बदला असं अकाउंट्सचा माणूस सांगायला गेला तर कन्सल्टंट त्याला दारातूनच परत पाठवतील.

याच मॉड्यूलमध्ये दोन अजून चांगले मुद्दे होते. एक, १०० टक्के ऑक्युपन्सी, म्हणजे सगळे बेड कायम भरलेले, म्हणजे यश हा मॅनेजमेंटचा लाडका गैरसमज. बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९९ला एक मॉडेलिंगचा अभ्यास आला होता, त्यात सरासरी ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं की बेड न मिळण्याची रिस्क दिसायला लागते असं निघालं, आणि फॅकल्टीने हेही नीट सांगितलं की ८५ हा काही मंत्र नाही, छोट्या आयसीयूला त्याहून जास्त मोकळीक लागते आणि मोठ्या वॉर्डाला कमी. दुसरा, आपण बेडच्या चढउताराचं खापर इमर्जन्सीवर फोडतो पण बऱ्याचदा ती चढउतार प्लॅन केलेल्या ऑपरेशन्समुळे असते, सगळ्या सर्जनना आठवड्याच्या सुरुवातीची लिस्ट हवी, मग मधल्या वारांना आयसीयू तुडुंब आणि वीकेंडला अर्धा रिकामा. इमर्जन्सी आपल्या हातात नाही, लिस्ट आहे. पण लिस्टला हात लावून बघा एकदा!

अरविंद आय हॉस्पिटलची केसही इथेच येते आणि पहिल्यांदाच ती भक्तिभावाने न सांगता कामाच्या अंगाने सांगितली. डॉ. जी. वेंकटस्वामींनी ५८व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ला मदुराईत ११ बेडनी सुरुवात केली, सर्जनचा वेळ हीच सगळ्यात दुर्मिळ गोष्ट हे धरून बाकी सगळी मांडणी केली, शेजारी शेजारी दोन टेबलं, एका टेबलावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार, आणि ज्याला सर्जनच लागत नाही असं प्रत्येक काम ट्रेनिंग दिलेल्या मुलींकडे. ग्रुपमधल्या एकाने लगेच म्हटलं की हे मोतीबिंदूला जमतं, ट्रॉमाला नाही. बरोबर आहे त्याचं. तरी तुमच्याकडे दुर्मिळ काय आहे हा प्रश्न कुठेही लागू पडतो, आमच्याकडे त्याचं उत्तर भूल देणारे डॉक्टर असं आलं, सर्जन नाहीच.

पेशंट सेफ्टीचं मॉड्यूल अर्धं चांगलं. कॉडमनवर त्यांनी वेळ दिला याबद्दल मनापासून थँक्स. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन, त्यांचा हट्ट असा की प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते वर्षभराने तपासा आणि निकाल जाहीर करा. सिनिऑरिटीवर बढती मिळते म्हणून वैतागून १९१४ला मॅसॅच्युसेट्स जनरलचा राजीनामा दिला, स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलात १९११ ते १९१६ या काळात घरी सोडलेले ३३७ पेशंट, त्यात १२३ चुका, हे सगळं स्वतःच छापून टाकलं. सहकाऱ्यांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकलं. माणूस बरोबर होता आणि एकटा पडला, हॉस्पिटल चालवणाऱ्याने या गोष्टीची दुसरी बाजूही बघायला हवी की बरोबर असणं पुरत नाही, चार लोक सोबत आणावे लागतात.

पण मग चेकलिस्ट आली आणि परत जाहिरात सुरू. ऑपरेशनच्या वेळी टीमने थांबून तपासायच्या गोष्टींची यादी ती ही. २००९चा डब्ल्यूएचओच्या सर्जिकल चेकलिस्टचा अभ्यास, आठ देशांतली आठ हॉस्पिटलं, मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्के, कॉम्प्लिकेशन ११ वरून ७. टाळ्या. २०१४चा कॅनडातल्या ओंटारिओचा पेपर मात्र कोर्समध्ये कुठेच नाही, तिथे १०१ हॉस्पिटल्समध्ये अशीच चेकलिस्ट आणण्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे बघितले, मृत्यू ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबाने फरक नाहीच. मला विचाराल तर हॉस्पिटलप्रमुखाने आधी हा पेपर वाचावा. कागद जवळपास तोच असताना एकीकडे फरक पडतो आणि दुसरीकडे नाही, तर मधे काय आहे? टिकमार्क करणं आणि खरंच थांबून बघणं यात जे अंतर आहे तेच तर या पदाचं काम आहे. हे नसेल शिकवायचं तर चेकलिस्टची प्रिंट काढायला डायरेक्टर कशाला हवा.

फायनान्सचे सर एक नंबर. जड शब्द नाहीत, फिक्स्ड खर्च, ब्रेक-ईव्हन, घसारा हे सगळं एका एमआरआय मशीनवर शिकवलं, मशीनची किंमत हा सगळ्यात सोपा आकडा, पुढे मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट, तिन्ही शिफ्टचे टेक्निशियन, रिपोर्टिंग करणारा रेडिओलॉजिस्ट, आणि मशीन बंद पडलं त्या दिवसांचं काय. आता परचेस कमिटीत कोणी घेऊ या मशीन, केसेस येतीलच असं म्हणालं की मी पहिले व्हॉल्यूमचा अंदाज लेखी मागते. एचआर आणि ब्रँडिंगचे व्हिडिओ दीडपट स्पीडवर बघा, काही बिघडत नाही. पर्सनॅलिटी टेस्ट होती एक, चार रंगांपैकी तुमचा कुठला वगैरे. पुढे.

सिम्युलेशन हा कोर्सचा सगळ्यात महाग भाग असणार आणि तो खरंच वसूल आहे. सीन असा, सीनियर ऑर्थो सर्जन, हॉस्पिटलच्या अर्ध्या केसेस यांच्या, ओटीत चिरा घेण्याआधीच्या टाइम-आउटला, म्हणजे पेशंट आणि ऑपरेशनची जागा बरोबर आहे ना ते सगळ्यांनी मिळून तपासायला, थांबत नाहीत, थांबा म्हणणाऱ्या सिस्टरवर सगळ्यांसमोर ओरडले, सिस्टरने इन्सिडंट रिपोर्ट लिहिला, आता तुम्ही डायरेक्टर म्हणून त्यांच्याशी बोला. सर्जनचं काम करायला ट्रेनिंग घेतलेला अ‍ॅक्टर होता आणि काय केलंय त्याने! खुर्चीवर बसतानाच घड्याळ बघितलं. म्हणाला, मॅडम, मी तुमच्या आधीपासून इथे आहे, एका सिस्टरच्या कागदावर मला बोलावताय? एका पार्टिसिपंटने पॉलिसीचा नंबर सांगितला तर म्हणे ठीक आहे, सोमवारपासून माझ्या केसेस दुसरीकडे जातील. दुसऱ्याने इतकं सांभाळून घेतलं की शेवटी सर्जनच त्याची समजूत काढून उठला.

सगळ्यात चांगलं केलं ते एका अ‍ॅनेस्थेटिस्टने. तिने सिस्टरचा विषयच काढला नाही सुरुवातीला. विचारलं, सर, तुमच्या टेबलावर उजवा की डावा हे शेवटचं कोण बघतं? मी बघतो. आणि त्या दिवशी तुम्ही सलग सहावी केस करत असाल तर? अ‍ॅक्टर दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, तेव्हाही मीच. म्हणजे सर, तुमच्यामागे कोणीच नाही. एवढंच बोलली आणि थांबली, आणि त्या थांबण्यात खरं काम झालं, कारण आपल्याला शांतता सहन होत नाही, लगेच भरायला जातो आपण. ट्रेनरने नंतर अजून एक प्रश्न टाकला तो मी वहीत लिहून घेतलाय, या मीटिंगनंतर सिस्टरला कोण जाऊन सांगणार की तिच्या रिपोर्टचं काय झालं? तिला कळलं नाही तर ती दुसरा रिपोर्ट लिहिणार नाही, तिचं बघून बाकीच्याही लिहिणार नाहीत, आणि मग महिन्याच्या मीटिंगमध्ये इन्सिडंट कमी झाले म्हणून ग्राफ दाखवला जाईल.

आता एक पूर्ण स्टार गेला तो जे शिकवलंच नाही त्यासाठी. प्रमुख झाल्यावर स्वतःची प्रॅक्टिस किती ठेवायची हा या करिअरमधला पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे. पूर्ण सोडली तर कलीग म्हणतात आता यांना काय कळतंय, हातही सुटतो, आणि पूर्ण ठेवली तर ओपीडीच्या मधे सहीसाठी फाइली येतात आणि दोन्हीकडे अर्धवट. मी आठवड्यातल्या ठरावीक ओपीडी आणि राउंड ठेवलेत, प्रोसिजर सोडल्या, पण हे माझं मी ठरवलं, कोर्सने यावर एक स्लाइड दाखवली, बॅलन्स शोधा. अरे पण कसा? डॉक्टर आणि नॉन-मेडिकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर यांची जोडी मिळून चालवते ते मेयोचं मॉडेलही असंच घाईत उरकलं, कुठला निर्णय कुणाचा, भांडण झालं तर काय, काही नाही. नर्सिंगला एक गेस्ट लेक्चर. हॉस्पिटलमध्ये सगळ्यात जास्त माणसं नर्सिंगची, रात्री तीनला हॉस्पिटल प्रत्यक्षात चालवतात त्याच, आणि लीडरशिपच्या कोर्समध्ये त्यांना पाऊण तास.

आणि प्रमुखपदाची टर्म संपल्यावर काय? कालपर्यंत ज्यांच्या रजा मंजूर केल्या त्यांच्यासोबत परत रोस्टरवर यायचं, हे करिअरमधलं सगळ्यात अवघड वळण आहे आणि त्याबद्दल अवाक्षर नाही.

सर्व्हिसबद्दल थोडं. अ‍ॅप सतत लॉगआउट करतं, मोबाइलवर एक्सेल शीट उघडत नाहीत, लॅपटॉपच वापरा. सपोर्टवाले उत्तर देतात पण तेच उत्तर परत परत. मेंटॉर नशिबावर आहे, मला मिळालेले सर अनुभवी होते पण हॉस्पिटल सोडून कन्सल्टिंगमध्ये गेलेले, आमच्या ग्रुपमधल्या एकीला प्रत्यक्ष पदावर असलेल्या मॅडम मिळाल्या आणि तिचा कोर्स माझ्यापेक्षा दुप्पट चांगला झाला असं मला वाटतं. सुरुवातीलाच मेंटॉर बदलून मागता येतो, हे ते स्वतःहून सांगत नाहीत, मागा. रजिस्टर करण्याआधी सेल्सचे फोन भरपूर येतात, सीट संपत आल्या म्हणतात, काही संपत नाहीत. सिम्युलेशन लाइव्ह आहे ना तेवढं लेखी विचारून घ्या, कारण काही बॅचना त्याचा नुसता व्हिडिओ दाखवतात असं ऐकलं आणि मग यात अर्थ नाही. आणि कोर्स संपला की काही दिवसांत लॉगिन बंद होतं, त्यामुळे पेशंट फ्लोच्या सगळ्या शीट आणि फायनान्सच्या सरांच्या नोट्स आधीच डाउनलोड करून ठेवा, सर्टिफिकेट काय ते मेलवर येतंच.